चौदाव्या होलवरची कालीमाई

बेटावरच्या बेल फिलाव गावच्या बैठक्यात, म्हणजे गावाच्या मंडळात, रामफलबाबू एकोणीस वर्षं सेक्रेटरी होते. एवढ्या वर्षांत त्यांनी सभेत उभं राहून एकच वाक्य उच्चारलं, आणि तेही नको तेव्हा.

सेक्रेटरीचं काम बोलायचं नसतं. दुसरे बोलतात ते लिहून घ्यायचं असतं, आणि हे काम त्यांच्या स्वभावाला मानवणारं होतं. त्याआधी ते साखर कारखान्याच्या काट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर उभी राहायची, रामफलबाबू आकडा सांगायचे. तो आकडा ऊस आणणाऱ्याला कमी वाटे आणि मालकाला जास्त, यावरूनच तो बरोबर असावा असं लोक म्हणत. पुढे कारखाना बंद पडला. उसाच्या जागी समुद्राकाठी मोठं हॉटेल आलं आणि हॉटेलभोवती गोल्फचं मैदान. ऊस तोडणारे त्याच जमिनीवर माळी झाले, कॅडी झाले, मुदपाकखान्यात भांडी घासू लागले. हलली नाही ती फक्त कालीमाई. मैदानाच्या चौदाव्या होलशेजारी, बदामाच्या झाडाखाली, शेंदूर माखलेले सात दगड होते तिथेच राहिले. भोवती काळ्या दगडांचा बांध होता. तोही गुडघ्याखालचा, आणि निम्मा वाळूत बुडालेला.

तर त्या दिवशी हॉटेलचे मॅनेजर मोसिये लाव्हेर्न बैठक्यात नकाशा घेऊन आले. कालीमाई इथून उचलायची आणि गाड्यांच्या शेडमागे न्यायची. तिथे फरशी, छप्पर, दिवा आणि नळ, सगळं हॉटेल करून देईल.

"पाहुण्यांचे चेंडू सारखे आत जातात," लाव्हेर्न म्हणाले. "ते बूट घालून आत शिरतात, तुमच्या बायका ओरडतात, पाहुणे घाबरतात. परवा एक बेल्जियन बाई रडली. हे कुणाच्याच भल्याचं नाही."

"नळ एकच की दोन?" अध्यक्ष गजाधरांनी विचारलं. गजाधरांना फरशीचा मोह होता. त्यांनी स्वतःच्या घराला बाहेरूनसुद्धा फरशी लावली होती.

आणि इथे, का कोण जाणे, रामफलबाबू वही मिटून उभे राहिले.

"कालीमाई कुणाच्या वाटेत येत नाही," ते म्हणाले, "आणि मनात आदर असला तर चेंडू बाजूनं जातो."

सभा अवाक झाली. सगळ्यांत जास्त अवाक रामफलबाबू झाले. जन्मात त्यांनी गोल्फचा चेंडू हातात धरला नव्हता. हे वाक्य नेमकं कुठून आलं याचा त्यांनी पुढे पुष्कळ विचार केला, पण छडा लागला नाही.

लाव्हेर्न हसले. माणूस वाईट नव्हता, पण हसला. "मग तुम्हीच दाखवा की, रामफलबाबू! चौदावा होल तुम्ही खेळा. कितीही फटके लागू देत. चेंडू कालीमाईच्या बांधाआत न जाता होलमध्ये पडला, तर हा नकाशा मी परत नेतो. आत गेला, तर कालीमाई हलवायची. मंजूर?"

"मंजूर!" गजाधर ओरडले. रामफलबाबूंना कुणी विचारलंच नाही. सेक्रेटरी ते स्वतःच असल्यामुळे हा ठराव त्यांनाच आपल्या हातानं लिहावा लागला. लिहिताना एक शब्द इकडचा तिकडे करता आला असता. त्यांनी केला नाही.

घरी बायकोनं, सोनमतीनं, सगळं ऐकून घेतलं आणि भाताखालचा गॅस बंद केला.

"अहो, जन्मभर नुसते आकडे सांगितलेत, तेवढंच बरं होतं," ती म्हणाली. "वाक्य कशाला बोलायला गेलात?"

दुसऱ्या दिवसापासून गावाला काम मिळालं. दालपुरीवाल्याच्या गाडीशी दालपुरी कमी आणि सल्ले जास्त गुंडाळले जाऊ लागले. कुणी म्हणे नजर चेंडूवर ठेवा, कुणी म्हणे चेंडूवर मुळीच ठेवू नका, घाबरतो. ज्यांनी आयुष्यभर गोल्फचं गवत कापलं होतं ते गवताच्या बाजूनं सल्ला देत. मुदपाकखान्यातला एकजण तर म्हणाला, "मी बारा वर्षं गोल्फवाल्यांच्या जेवणाच्या बश्या धुतोय. चांगले खेळणारे कोबी खात नाहीत." सोनमतीनं तीन आठवडे कोबी बंद केला. त्यामागे श्रद्धा होती असं नाही. कोबी महाग झाला होता.

खरी शिकवणी शेजारच्या गाएतांनं घेतली. गाएतां अकरा वर्षं त्या मैदानावर कॅडी होता. दुसऱ्यांच्या काठ्या वाहून वाहून त्याचा एक खांदा खाली आला होता आणि गोल्फबद्दलचं मत त्याच्याही खाली.

"रामफल, हा खेळ सोपा आहे," तो म्हणाला. "चेंडू पडलेला असतो. तो पळत नाही, चावत नाही. तरी शहाणी माणसं त्याच्यापुढे रडतात. तू तर शहाणाही नाहीस. तुला जमेल."

सराव कुठे करायचा हा प्रश्न होता. परवान्याशिवाय मैदानात पाऊल टाकता येत नव्हतं. पण भरतीच्या रेषेखालची वाळू सगळ्यांची, तिथून कुणाला हाकलता येत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून दोघं पहाटे ओल्या वाळूवर जात. हॉटेलचा पहारेकरी वरून ओरडे, "ए, इथे खेळायला बंदी आहे!" गाएतां काठीनं वाळूवर रेघ ओढून म्हणे, "रेघेच्या वर आलो तर बोल." मग भरती येऊ लागे. रेघ वर सरके आणि सरावाचं मैदान आखडत जाई. सात वाजेपर्यंत रामफलबाबू घोटाभर पाण्यात उभे राहून फटके मारत असत. त्यामुळे पाण्यातून गोल्फ खेळण्यात त्यांनी बरीच प्रगती केली, पण त्याचा उपयोग कुठे करावा हे त्यांना कळेना.

अडचण एकच होती. चेंडू डावीकडे जाई, नेहमीच.

"ऊस तोडल्यासारखं मारतोयस," गाएतां म्हणाला. "कोयता खाली मारायचा आणि ऊस डावीकडे टाकायचा. तसं."

"मी आयुष्यात ऊस तोडला नाही," रामफलबाबू जरा दुखावून म्हणाले. "मी वजन करत होतो."

"म्हणूनच वाईट तोडतोयस."

हे फुलबसिया मावशीच्या कानावर गेलं. मावशी सत्तरीची. तिनं चाळीस वर्षं ऊस तोडला होता आणि आता कालीमाईची झाडलोट करायची. ती पदर खोचून वाळूवर आली, "बघू रे ती काठी" म्हणाली, वाकली आणि एकच सपकारा दिला. चेंडू सुतासारखा सरळ गेला. किती लांब गेला ते कुणी मोजलं नाही, कारण तो परत सापडलाच नाही.

गाएतांनं मावशीच्या हातातली काठी घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"मावशीलाच खेळू दे की!" गाएतां म्हणाला.

"ठरावात माझं नाव आहे," रामफलबाबू खिन्नपणे म्हणाले. "मीच लिहिलंय."

मग परवाना. आव्हान मॅनेजरनं दिलं असलं, तरी खिडकीशी मॅनेजर बसत नसतो. खिडकीतल्या मुलीनं चार पानी अर्ज पुढे सरकवला. बिनकॉलरचा शर्ट चालणार नाही, रबरी तळाचे बूट हवेत, आणि 'आपला मूळ क्लब कोणता?'

"क्लब नाही," रामफलबाबू म्हणाले.

"मग अर्ज घेता येणार नाही, आजोबा."

"मॅनेजरसाहेबांनी स्वतः..."

"साहेबांना क्लब आहे."

रामफलबाबूंनी खूप विचार करून त्या रकान्यात 'बेल फिलाव बैठका' असं लिहिलं. मुलीनं ते निरखून पाहिलं. "क्लबचा शिक्का आणि अध्यक्षाची सही आणा," ती म्हणाली. शिक्का गजाधरांच्या कपाटात होता. गजाधरांना वाटलं, हा माणूस परवानगी न घेता बैठक्याचा गोल्फ क्लब करून आला. त्यांनी तातडीची सभा बोलावली. गणसंख्या भरेना, म्हणून शेजारच्या लग्नाच्या मांडवातून चार सभासद ओढून आणले. त्यांच्या हातात अजून मिरचीची भजी होती. बैठका हा 'फक्त एका होलापुरता आणि फक्त एका दिवसापुरता' गोल्फ क्लब आहे असा ठराव झाला. त्यावर एका सभासदानं उपसूचना मांडली, की क्लबच झाला तर कॅरमचा बोर्डही घ्यावा. तीही मंजूर झाली. शिक्का बसला. रबरी तळाचे बूट गाएतांचे, दोन नंबर मोठे. पुढे जुने मोजे कोंबले. चालताना बूट आधी वळे आणि पाय मागून येई.

दिवस मंगळवारचा, वेळ अकराची, म्हणजे ज्या वेळी पाहुणे उन्हाला घाबरून आत बसतात ती. त्या दिवशी योगायोगानं हॉटेलातल्या सगळ्या माळ्यांची, धोब्यांची आणि दोन स्वयंपाक्यांची जेवणाची सुट्टी एकाच वेळी झाली. बायका छत्र्या घेऊन सुरूंच्या सावलीत बसल्या. भज्यांचा डबा फिरू लागला. लाव्हेर्न पांढरी टोपी घालून, हात मागे बांधून उभे राहिले.

चौदाव्या होलची वाट समुद्राच्या कडेकडेनं जात होती. डावीकडे पाणी, समोर लांबवर हिरवळ, आणि हिरवळीच्या उजव्या अंगाला कालीमाई.

"डावीकडे जातो ना तुझा? जाऊ दे," गाएतां कानात म्हणाला. "समुद्रात गेला तर एका फटक्याचा दंड. माईच्या अंगणात गेला तर साऱ्या गावाला दंड. समुद्र बरा."

रामफलबाबूंनी काठी उचलली. हे सात दगड त्यांच्या आजीनं पुजले होते, त्यांच्या मुलीचं जावळ इथेच झालं होतं, आणि आता ते सगळं आपल्या मनगटावर येऊन बसलंय, या विचारानं त्यांनी जो फटका मारला तो चेंडूच्या वीतभर वरून गेला.

"एक," ते म्हणाले.

"तो सरावाचा धरू," लाव्हेर्न म्हणाले.

"नाही साहेब. मारायच्या हेतूनं मारला. एक."

दुसरा समुद्रात. "दोन, दंड धरून तीन." पुढचाही समुद्रात. "चार, दंड धरून पाच." प्रत्येक आकडा ते काट्यावरच्यासारखा मोठ्यानं सांगत होते आणि सुरूंच्या सावलीतून बायका तो पुढे पोचवत होत्या. अकरावर पोचले तेव्हा बूट निघाला. सतरावर टोपी उडाली. बाविसाव्याला चेंडू खेकड्याच्या बिळात गेला आणि तो काढताना बिळाच्या मालकाशी थोडी बाचाबाची झाली. पण ते पुढे सरकत होते. गाएतांनं आणलेले चेंडू संपत आले, तेव्हा पहाऱ्यावरच्या त्याच पहारेकऱ्यानं खिशातून दोन काढून दिले. कुठून आणले ते कुणी विचारलं नाही.

एकोणतिसाव्या फटक्याला चेंडू हिरवळीच्या डाव्या अंगाच्या वाळूच्या खड्ड्यात पडला. सगळे उभे राहिले. आता फक्त खड्ड्यातून वर आणि मग होलमध्ये.

"हळू," गाएतां म्हणाला. "आंघोळीचं पाणी अंगावर घेतोस तसं. हळू."

रामफलबाबूंनी फुलबसिया मावशीकडे पाहिलं. तिथेच चुकलं. हात आपोआप मावशीसारखा फिरला, आणि चेंडू आयुष्यात पहिल्यांदा सरळ गेला. हिरवळीवरून, होलावरून, झेंड्यावरून सरळ जाऊन बदामाच्या बुंध्यावर टण्णकन आपटला आणि कालीमाईच्या बांधापाशी पडला.

भज्यांचा डबा जागच्या जागी थांबला.

आधी गाएतां धावला. वाकून पाहिलं आणि ओरडला, "बाहेर! बांधाला टेकलाय, पण बाहेर!"

"बाहेरच आहे," पहारेकरी म्हणाला.

"बाहेर, बाहेर!" गजाधर ओरडले. फरशीचा मोह असलेले तेच गजाधर. पण सगळं गाव बघत होतं, आणि सगळ्या गावासमोर फरशीची बाजू घेणं कुणाला जमतं?

लाव्हेर्न जवळ आले. दीड तास उन्हात उभं राहून त्यांचा चेहरा भाजलेल्या रताळ्यासारखा झाला होता. बांध वाळूत बुडालेला, चेंडूही निम्मा बुडालेला. "कठीण आहे सांगणं," ते म्हणाले. "मला भूक लागलीय, रामफलबाबू. बाहेर धरू. मारा पुढचा."

रामफलबाबूंनी बूट काढले. नळ नव्हताच, म्हणून समुद्राच्या पाण्यानं पाय धुऊन आले. बांधाशी उकिडवे बसून त्यांनी वाळू हातानं बाजूला केली. बांधाचा दगड उघडा पडला. त्याच्यापासून चेंडूपर्यंत त्यांनी बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार.

"आत आहे," ते म्हणाले.

"अरे, कोण म्हणतंय?" गाएतां कळवळला.

"मी. चार बोटं आत."

"मुडद्या!" फुलबसिया मावशी छत्री आपटत ओरडली. "साहेब सोडतोय, देवी सोडतेय, आणि तू? आजच्या दिवस गिळायची होतीस ती जीभ!"

चेंडू रामफलबाबूंनी तिथेच ठेवला, माईला हात जोडले आणि बूट हातात घेऊन घरी गेले. वाटेत दालपुरीवाल्यानं त्यांना पाहून गाडीचं झाकण लावलं. शेजारच्या कुत्र्यानंही शेपूट हलवली नाही असं त्यांना वाटलं, पण तो झोपला असावा.

सोनमतीनं चहा ठेवला. तो उकळला, गाळला, कप पुढे सरकवला.

"चार बोटं म्हणालात ना?" शेवटी ती म्हणाली. "मला लांबून तीन वाटली."

एवढाच काय तो त्या दिवशी त्यांना मिळालेला दिलासा.

ठराव ठरावच. लाव्हेर्ननी दुसऱ्या दिवशी माळ्यांना हुकूम दिला, दगड हलवा. माळी एकमेकांकडे पाहू लागले आणि मग सगळे फुलबसिया मावशीकडे.

"हलवायला कोण नाही म्हणतंय?" मावशी म्हणाली. "सात दगड, सात माणसं. निदान एक तरी ह्या गावचा हवा. सातही जणांनी नऊ दिवस मांस, मासा, अंडं, दारू शिवायची नाही. आणि सगळ्यांचे नऊ दिवस एकत्र पुरे व्हायला हवेत. एकानं मोडलं की सातही जणांचं मोडलं. पुन्हा पहिल्यापासून."

"हे कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? लिहिलेलं माणूस विसरतो."

लाव्हेर्न याच बेटावर जन्मलेले. दरवर्षी त्यांची आजी डोंगरातल्या मारियामातेच्या चर्चपर्यंत अनवाणी चालत जायची. त्यांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, "ठीक. पण नियम पाळला की मोडला ते मला लेखी कळवायचं, आणि लिहिणार रामफलबाबू. सात माणसांत तेही राहतील. स्वतःच्या विरुद्ध खरं बोलणारा दुसरा माणूस मी या बेटावर पाहिलेला नाही."

पहिल्या खेपेला आठव्या दिवशी एका माळ्यानं कबूल केलं, की मावसभावाच्या लग्नात सॉसेज खाल्लं. रामफलबाबूंनी लिहून कळवलं. दुसऱ्या खेपेला गजाधरांनी खोकल्यासाठी रम घेतली. खोकला कुणी ऐकला नव्हता, पण रमचा वास सगळ्यांना आला. तेही लिहून कळवलं. तेव्हा लाव्हेर्न चिडले. त्यांनी डोंगरापलीकडच्या गावातून सहा माणसं आणली, जन्मात मासा न शिवलेली, गळ्यात तुळशीमाळा घातलेली. नियमाप्रमाणे सातवे, गावचे, रामफलबाबू.

आठ दिवस गेले. ती सहा माणसं हॉटेलच्या कामगारांच्या खोल्यांत शांतपणे मसूर खाऊन राहिली होती. त्यांच्याकडून व्रत मोडेल असं चिन्ह दिसेना. गावात कुणी रामफलबाबूंशी बोलत नव्हतं, पण जाता-येता सगळे त्यांच्या घराकडे बघत होते.

आठव्या दिवशी दुपारी ते ओट्यावर बसले होते. सोनमतीनं वरणभाताचं ताट पुढे ठेवलं. त्यांनी ते पाहिलं, मग कुंपणापलीकडे पाहिलं. गाएतांची बायको चुलीवर काहीतरी हलवत होती.

"सोनमती," ते म्हणाले, "गाएतांकडे काय शिजतंय?"

"ऑक्टोपसचा रस्सा. का? तुम्हाला तर वासानंही मळमळतं. लग्नात आईनं वाढला होता तेव्हा..."

रामफलबाबू उठले. कुंपणाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा शेजाऱ्याकडे खायला काही मागितलं. गाएतांच्या बायकोनं वाडगा काठोकाठ भरून दिला. त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या, एक तुकडा तोंडात टाकला. जुन्या चपलेचा पट्टा चावावा तसा तो बराच वेळ चावला. डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यानं व्रत मोडलं की नाही, याबद्दल कुणी शंका काढू नये म्हणून दुसराही खाल्ला. तिसराही खाल्ला. मग तोंड धुऊन कागद घेतला आणि चार ओळी लिहून सरळ हॉटेलवर गेले.

लाव्हेर्ननी कागद दोनदा वाचला. रामफलबाबूंकडे पाहिलं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला अजून पिवळा रस्सा लागलेला होता.

"तुम्ही स्वतः?"

"मी स्वतः, साहेब. तीन तुकडे."

"म्हणजे पुन्हा नऊ दिवस."

"पुन्हा नऊ दिवस."

"आणि त्या नऊ दिवसांतला आठवा दिवस आला, की तुम्ही..."

"ते आत्ता कसं सांगू? पण जे होईल ते मी लिहून कळवीन."

लाव्हेर्ननी भिंतीवरचा नकाशा काढला, गुंडाळी केली आणि कपाटावर टाकली. सहा माणसांना परत पाठवण्यासाठी गाडी सांगितली. रामफलबाबू जायला वळले, तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "निदान आवडला तरी का, ऑक्टोपस?"

"नाही, साहेब," रामफलबाबू खरं तेच म्हणाले.

"पुढच्या वेळी लिंबू जास्त पिळा," लाव्हेर्न म्हणाले.